मोकळ्या हातानं चालायचं औषध

"तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो बाहेर बाकावर भेटलेल्या बाईचा.

ती माझ्या आधी आत जाऊन आली होती. तिच्या मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी होती. तिनं त्यातली फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली आणि मला बोटानं दाखवली. मणक्यातली गादी सरकलेली, अगदी स्पष्ट. नवरा तिला दंडाला धरून उठवत होता, सासू पाण्याची बाटली घेऊन मागं उभी होती. मला तिचा हेवा वाटला. म्हटलं, नशीबवान आहे बाई. हिचं दुखणं दिसतंय.

माझं कुठंच दिसत नव्हतं. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताची रक्ततपासणी, नॉर्मल. ईएसआर, म्हणजे अंगात कुठं सूज आहे का ते सांगणारी तपासणी, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. एक्स-रे नॉर्मल, एमआरआयसुद्धा नॉर्मल. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते भरून काढलं, दुखणं होतं तिथंच राहिलं. दरवेळी 'नॉर्मल' ऐकून घरचे खूश व्हायचे आणि मी बसल्या जागी खचायचे. एकदा तरी काहीतरी खराब निघू दे, असं मी देवाला म्हटलेलं आहे. तुमचेही रिपोर्ट असे चांगले येत असतील तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

हे डॉक्टर संधिवाताचे. मोठ्या शहरातून महिन्यातून एकदा बीडला एका दवाखान्यात यायचे. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि अंगठ्यानं मान दाबली, खांदे दाबले, कोपराच्या खाली, कमरेला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. मी प्रत्येक ठिकाणी ओरडले.

"दुखणं खरं आहे," ते म्हणाले. "फक्त फोटोत येत नाही."

आमचे हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे सीरियस काय न्हाई ना, साहेब?"

"जिवाला धोका नाही. पण तुम्हाला मोठा ताप येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंग कसं होतं? यांचं रोज तसं आहे."

घरी येताना बसमध्ये यांनी मला खिडकीची जागा दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

माझं नाव सुनंदा. वडवणीहून तेलगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आत आमचं गाव आहे. वडवणीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. आईनं डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिल्या आणि मला मामाकडं ठेवून शिकवलं ते एवढ्याचसाठी, की माझ्या डोक्यावर मोळी येऊ नये. माहेरी आणि सासरी दोन्हीकडं पदवी घेतलेली पहिली मी. हे मी अभिमानानं सांगते. कुणाला तोरा वाटला तर वाटू दे.

दुखणं सुरू झालं चिकुनगुन्यापासून. त्या पावसाळ्यात सगळी गल्ली वाकून चालत होती. आमच्या घरात दोघींना झाला, मला आणि माझ्या धाकट्या जावेला, मंगलला. एकाच खोलीत दोन बाजांवर आम्ही पडलो होतो. सासूबाई दोघींना एकाच पातेल्यातली आंबील द्यायच्या. तेच डास, तोच ताप, तीच गोळी.

महिन्याभरात मंगल उठली आणि कापूस वेचायला गेली. मी उठले ती आजवर पूर्ण उठलेलीच नाही.

इथून माझ्या आजाराची खरी गोष्ट सुरू होते. डॉक्टर ज्याला लक्षणं म्हणतात ती सांगते. सकाळी उठल्यावर अंग रात्रभर कुणी बडवल्यासारखं. झोप झाली तरी न झाल्यासारखी. केस विंचरताना हात वर राहत नाही. आणि थकवा, तो तर विचारूच नका. आंघोळ करून आलं की परत आडवं व्हावंसं वाटायचं. पण या सगळ्याबरोबर आणखी एक लक्षण होतं, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मंगलचा हेवा.

तापानंतरही आम्ही दोघी त्याच खोलीत झोपायचो. ती उशीला डोकं टेकवायची आणि घोरायला लागायची. मी तिचं घोरणं ऐकत पडायचे. ती ओली गोधडी दोन हातांनी पिळायची, पाण्याची धार लागायची. उकिडवी बसलेली असली तर जमिनीला हात न लावता उठायची. दिवसभर कापूस वेचून आली तरी ओट्यावर बसून शेजारणींशी हसायची. सातवी शिकलेली बाई, आणि हसायला एवढं बळ! मला वाटायचं, देवानं वाटणी करताना एकाच खोलीत एवढा भेद कसा केला?

सासूबाईंच्या साखरेचासुद्धा मला हेवा वाटायचा. साखरेला आकडा असतो. आकडा वाढला की घरात लगेच भात बंद, चहा बिनसाखरेचा, सगळे दबक्या आवाजात बोलणार. माझ्या दुखण्याला आकडा नव्हता. "काल तर बरी व्हतीस की," एवढंच ऐकायचे.

शाळेतही तेच. खांदा वर जात नव्हता म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. मागच्या बाकावरची मुलं ओरडायची, "बाई, दिसत न्हाई." मग मुलं उठून उभी राहायची, त्यांच्या मागची आणखी उभी राहायची, आणि वर्ग बाजारासारखा व्हायचा. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, दहावीला बोर्डाची परीक्षा असती. यंदा दहावीचं विज्ञान नव्या मॅडमकडं देऊ. तुम्ही पाचवी-सहावी घ्या. खुर्चीत बसून शिकवा, कुणी काही म्हणणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"बरं वाटलं की बघू."

मी मान हलवून बाहेर आले. नव्या मॅडम दहावीच्या वर्गात लिहीत होत्या. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला, टाचा उचलून. मी व्हरांड्यात उभी राहून तो हात बघत राहिले. खाजगी शाळेत एकदा बसून शिकवणारी बाई असं नाव पडलं की पुढं काय होतं, हे मला माहीत होतं. घरी सासूबाई म्हणतच होत्या, "सोडून दी की नोकरी. जिवापरीस मोठी हाय व्हय?" मला ती मोठीच होती. आईच्या सगळ्या मोळ्या त्या नोकरीत होत्या. दहावी परत मिळवायची, एवढंच मी धरून बसले. त्यानंतरच मी हट्टानं बीडच्या त्या डॉक्टरांकडं गेले होते.

त्यांनी रात्रीची एक छोटी गोळी दिली. ती झोपेसाठी आणि नसा शांत करण्यासाठी. मग म्हणाले, "मुख्य औषध वेगळं आहे. एरोबिक एक्झरसाइज."

एरोबिक एक्झरसाइज म्हणजे ज्यानं दम थोडा वाढतो आणि तो वाढलेला दम काही वेळ तसाच ठेवायचा असा व्यायाम. चालणं, सायकल, पोहणं. मला त्यांनी चालणं सांगितलं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, ही त्याची खूण. सुरुवात पाच मिनिटांनी. दर एक-दोन आठवड्यांनी अगदी थोडं वाढवायचं.

"तुमचा मेंदू दुखण्याचा आवाज मोठा करून ऐकतोय," ते म्हणाले. "गावात लग्नाचा लाऊडस्पीकर असतो ना? बोलणारा हळू बोलतोय, पण मशीनवाल्यानं बटण पिळून ठेवलंय. नियमित चालण्यानं ते बटण हळूहळू खाली येतं. हळूहळू म्हणजे महिन्यांनी. आणि एक नियम. चांगल्या दिवशी जास्त चालायचं नाही, वाईट दिवशी शून्य करायचं नाही."

खरं सांगू? मला अपमान वाटला. एवढ्या लांब येऊन, एवढा वेळ बाकावर बसून मला चालायला सांगतात? चालायला तर आमच्याकडं सगळेच चालतात. गोळी मोठी असती, इंजेक्शन असतं, तर घरी सांगायला बरं पडलं असतं.

खरी अडचण तर दुसऱ्या दिवशी कळली. आमच्याकडं बाई रस्त्यानं चालते ती काहीतरी घेऊन. डोक्यावर टोपलं, कमरेवर कळशी, हातात डबा, निदान काखेत पोर. मोकळ्या हातानं, कुठंही जायचं नसताना, नुसती चालणारी बाई कुणी बघितलेली नाही. मी वेशीपर्यंत गेले तेवढ्यात तिघांनी विचारलं, "कुटं चाललाव?" मी म्हटलं, "कुठं नाही." हे उत्तर ऐकून लोक असे बघतात, की त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं.

मग मी डबा घेऊन निघायला लागले. शेतावर दिराचा डबा पोचवायचा, म्हणजे चालायला कारण झालं. चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "जातीच हायस तर येताना वैरण तरी आण म्हशीला. तेवढाच मंगलला हातभार." मलाही ते पटलं. नुसतं चालण्याची लाज वाटत होती, वैरणीनं ती झाकली गेली. डोक्यावर मक्याचा भारा घेऊन मी गावात शिरायचे आणि मनात म्हणायचे, झाला आजचा व्यायाम.

हे लिहिताना आता मला हसू येतं. पण त्या वेळी घरात कुणालाच, मलासुद्धा, यात काही चुकतंय असं वाटलं नाही. काम केलं म्हणजे चालणं झालं आणि चालणं झालं म्हणजे औषध झालं, असा आमचा सगळ्यांचा हिशोब.

त्यात दिवाळीची सुटी आली आणि मी मंगलबरोबर शेतावर जायला लागले. ती कापसाचं गाठोडं घेऊन, मी वैरणीचा भारा घेऊन. आणि ती माझ्या पुढं चालायची. सहज. बोलत, हसत, वाटेत कुणाच्या म्हशीची चौकशी करत. मला ते बघवत नव्हतं. तोच ताप हिला आलता, मनात म्हणायचे, तोच. एके दिवशी परतताना मी दातओठ खाऊन चाल वाढवली.

"अक्का, हळू चला की," मागून मंगल ओरडली. "वैरण म्हशीला न्यायचीय. म्हैस काय पळून चाललीय व्हय?"

"तूच मागं राहिलीस," मी म्हणाले. बोलायला दम पुरत नव्हता, तरी म्हणाले.

वेशीतून मी आधी आत गेले. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, "आज मास्तरीणबाई पुढं?" त्या दिवशी मी जेवताना दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी हात उचलेना. तिसऱ्या दिवशी पाय खाली टेकवेना. मी आठवडाभर अंथरुणात होते आणि सुटी संपल्यावरही शाळेत जाता आलं नाही. याला डॉक्टरी भाषेत फ्लेअर म्हणतात, म्हणजे दुखणं एकदम भडकणं.

त्या आठवड्यात मंगल माझे केस विंचरायची. गुंता झालेला, ती धीरानं सोडवायची. तिच्या बोटांत जोर होता. मला त्या जोराचा राग यायचा. "दुखतंय का अक्का?" ती विचारायची. मी म्हणायचे, "ओढू नकोस." ती ओढत नव्हती.

पुढच्या वेळी डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं, "तुमच्या चालण्यानं मी जास्त आजारी पडले."

त्यांनी विचारलं, "कुठं चालता?"

"शेतावर."

"हातात काय असतं?"

"जाताना डबा. येताना वैरण."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वैरण कुठं असते? हातात?"

"डोक्यावर."

"आणि कुणाबरोबर चालता?"

"जावेबरोबर."

"त्यांना मागं टाकायचंय का तुम्हाला?"

मी टेबलावरच्या काचेकडं बघत बसले. आमचे हे म्हणाले, "साहेब, ती लई हट्टी हाय." डॉक्टर हसले नाहीत.

"हे बघा मॅडम, मी ओझं वाहायला सांगितलेलं नाही. दुखऱ्या मानेवर भारा म्हणजे बटण आणखी वर पिळणं. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करा. एकट्या. मोकळ्या हातानं. पिशवीसुद्धा नको." आणि यांच्याकडं बघून म्हणाले, "घरी सांगा, हे काम नाही, औषध आहे. गोळीबरोबर कुणी वैरण आणायला सांगतं का?"

माझी आजवरची सगळ्यात अवघड औषधाची चिठ्ठी हीच. एमआरआयच्या बोगद्यात पडून राहणं सोपं होतं.

मी तलावाच्या बाजूचा रस्ता धरला. मोकळे हात कुठं ठेवायचे तेच कळेना. पदराचं टोक धरलं, सोडलं, परत धरलं. एक मोटरसायकल पुढं जाऊन थांबली. दोघं पोरं. "थांब बे, मॅडम हायत," मागचा म्हणाला. "बसा मॅडम, सोडतो की. कुटं जायचंय?"

"कुठंच जायचं नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग चालताव कावून?"

सासूबाईंच्या कानावर आठवडाभरात आलं. त्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "लोक म्हणायलेत, तुमच्या मास्तरीण सुनंचं घरात पटंना दिसतंय. रोज रुसून निघती आन् तळ्यापतुर जाऊन माघारी येती."

"आत्याबाई, लोकांना सांगा औषध आहे."

"पायानं घ्यायचं औषध मी बापजन्मात ऐकलं न्हाई."

मग एका सकाळी कळशी घेऊन येणाऱ्या एका म्हातारीनं कळशी खाली ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. मी दचकले. ती म्हणाली, "गडाचा नवस हाय म्हणं तुमचा. चालू द्या, चालू द्या. बोलू नका वाटंत."

नारायणगडाच्या देवाचा नवस! हे मंगलचंच काम, हे ओळखून मी तशीच घरी आले. मंगल भाकरी थापत होती.

"खोटं कावून सांगितलंस?"

"खोटं कशाचं?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "तुमी दरसाल गडावर जाताव का न्हाई? जाताव. तळ्यापतुर चालताव का न्हाई? चालताव. मी निस्त्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठिवल्या."

सासूबाईसुद्धा हसल्या. मला मात्र भयंकर राग आला. एक तर मी विज्ञानाची शिक्षिका. मुलांना कारण आणि परिणाम शिकवणारी बाई नवसाच्या नावाखाली लपून औषध घेणार? आणि दुसरं म्हणजे, जे मला महिनाभर जमलं नाही, ते हिनं भाकरी थापता थापता केलं होतं. त्याचाही हेवाच वाटला, नाही कशाला म्हणू?

दुसऱ्या दिवशी मी वेशीपाशी थांबले आणि जो विचारेल त्याला सरळ सांगितलं. नवस नाही. दुखणं आहे. त्याचं नाव फायब्रोमायल्जिया. हे त्याचं औषध आहे आणि ते मोकळ्या हातानंच घ्यावं लागतं. अर्ध्या लोकांना पटलं नाही. एक बाई म्हणाली, "नवसच आसंल, पर सांगायचा नसतोय." काही का असेना, महिना-दोन महिन्यांत लोकांना सवय झाली. नंतर एखाद दिवशी मी दिसले नाही तर विचारायला लागले, "आज औषध घेतलं न्हाई का मॅडम?"

आता ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी मुद्द्याचं लिहिते. हे माझ्या अंगाचं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पहिले काही महिने काही होत नाही. उलट पोटऱ्या दुखतात आणि वाटतं, हे सगळं थोतांड आहे. मला पहिला फरक पडला तो दुखण्यात नाही, झोपेत. एका सकाळी जाग आली आणि लक्षात आलं की आज आपण मंगलचं घोरणं ऐकलंच नाही. मग थकवा थोडा हलला. आंघोळीनंतर आडवं व्हायचं राहून गेलं आणि ते राहून गेल्याचं मला दुपारी आठवलं. दुखणं सगळ्यात शेवटी कमी झालं आणि तेही पूर्ण नाही. आजही आहे. पण आधी ते घरमालक होतं, आता भाडेकरू आहे.

थांबलं की परत येतं, हेही अनुभवलं. लग्नसराईत मी पंधरवडाभर चालले नाही. हळद, साखरपुडे, पाहुणे. बरं वाटतंय, आता कशाला, असंही मनात होतं. महिना संपायच्या आत सकाळचं बडवलेलं अंग परत आलं. पुन्हा थोड्यापासून सुरुवात केली. पावसाळ्यात चिखल असला की शाळेच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे, उन्हाळ्यात ऊन वर यायच्या आत उरकायचे. वाईट दिवशी निम्मंच, पण शून्य नाही. चांगल्या दिवशी पाय पुढं ओढायचे, तेव्हा मागं वळणं हेच खरं अवघड. मला कुणाला मागं टाकायचं नव्हतं तेव्हा ते जमायचं. समोर कुणी तरातरा चालणारी दिसली की अजून नियम मोडावासा वाटतो.

शाळेत मी एक गंमत केली. पाचवीच्या वर्गात फळ्याच्या कडेला खडूनं एक बारीक रेघ मारली, माझा हात न दुखता जिथपर्यंत जातो तिथं. मुलं विचारायची, "बाई, ही कशाची रेघ?" मी म्हणायचे, "प्रयोग चाललाय." पावसाळ्यातली रेघ आणि उन्हाळ्यातली रेघ यात वीतभर फरक होता. मला रिपोर्टमध्ये जे कधी दिसलं नाही, ते तिथं दिसलं.

पुढच्या जूनमध्ये मागायचं धाडस झालं नाही. त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी स्वतः मुख्याध्यापकांकडं गेले.

"सर, मला दहावी परत पाहिजे."

"झेपंल का, मॅडम? वर्ग वरच्या मजल्यावर आहे."

"वर्गात येऊन बघा."

ते आले. मागच्या बाकावर बसले. मी फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. खांदा दुखत होता, पण हात वर होता. तास संपल्यावर ते म्हणाले, "अ तुकडी नव्या मॅडमकडंच राहू द्या. ब तुम्ही घ्या."

मला दहावी मिळाली. आणि खरं सांगते, पायऱ्या उतरायच्या आत मला अ तुकडीचा हेवा वाटायला लागला होता. तेव्हा कळलं की या लक्षणावर चालण्याचा उपाय नाही. ते बहुतेक माझ्या पिंडातच आहे.

त्या दिवशी घरी पेढे नेले. मंगलनं एक तोंडात टाकला, हात धुतले आणि दारात येऊन उभी राहिली. मी चालायला निघाले होते.

"अक्का, मी येऊ?"

"शेतावर?"

"न्हाई. तुमच्यासंगं. मोकळ्या हातानं."

आम्ही तळ्याच्या रस्त्याला लागलो. मी तिला इतकी वर्षं चालताना बघितली, पण अशी कधीच बघितली नव्हती. तिला हात कुठं ठेवायचे ते कळेना. पदरात गुंडाळले, मग मागं बांधले, मग सोडले. रस्त्यात गाडीतून सांडलेला कापसाचा पुंजका दिसला, ती वाकली.

"टाक," मी म्हणाले.

"कापूस हाय, अक्का."

"असू दे. टाक."

तिनं टाकला, पण दोनदा मागं वळून बघितलं. ती माझ्या पुढं जायची, मग थांबायची. मी माझ्या चालीनं जात राहिले. बोलता येत होतं, गाणं म्हणता आलं नसतं.

"तुमचा लई हेवा वाटायचा मला," ती अचानक म्हणाली.

मी थांबले. "माझा? मी अंथरुणात पडले होते, मंगल. तू माझे केस विंचरत होतीस."

"तवा न्हाई. मोकळ्या हातानं निगायला लागल्यावर. मी वैरण घिऊन यायची आन् तुमी समुरून हात हालवत जायच्या. वाटायचं, आपल्याला बी कुणी आसं लिहून द्यावं." ती तळ्याकडं बघत होती. "पर मला कोण लिहून देणार? मोकळी निगाले तर आत्याबाई इचारणार, काय झालंय तुला? आन् मला तर कायबी झालेलं न्हाई."

सगळं नॉर्मल असलेल्या बाईचा मी इतकी वर्षं हेवा केला, आणि नॉर्मल असल्यामुळंच तिला पाच मिनिटं मिळत नव्हती. माझं दुखणं कुणाला दिसत नाही म्हणून मी रडले. तिचा थकवा तर मीसुद्धा बघितला नव्हता, एका खोलीत राहून.

ज्या डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरचा भारा उतरवला त्यांचे उपकार आहेत. पण त्यांनी तो उतरवला तेव्हा तो कुणाच्या डोक्यावर गेला, हे मी त्या संध्याकाळपर्यंत विचारलं नव्हतं. आता आठवड्यातून काही दिवस आमचे हे मोटरसायकलवर वैरण आणतात. कुरकुर करतात, पण आणतात.

त्या दिवशी परतताना वेशीपाशी कळशीवाली तीच म्हातारी भेटली. तिनं दोघींच्या हातांकडं बघितलं. मग मंगलला म्हणाली, "तुझा बी नवस हाय का?"

"न्हाई," मंगल म्हणाली. "औषध हाय."

"अगं बया! काय झालं गं तुला?"

"कायबी न्हाई," मंगल म्हणाली, आणि चालत राहिली.